येसूबाईची हिरवी खूण

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! रत्नागिरीपासून एसटीने सव्वा तास, मग वरच्या कातळपठारावरच्या, इथल्या भाषेत सड्यावरच्या, थांब्यापासून खाली वाडीपर्यंत पाखाडी. पाखाडी म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. मोजल्या, एकशे बारा. चाकांची बॅग घेऊन येणाऱ्या शहाणीला कोकणाने पहिल्याच दिवशी तिची जागा दाखवली.

वाडी पाखाडीच्या दोन्ही अंगांना आहे. घरं अकरा, उघडी तीन, बाकीच्यांची माणसं मुंबईला. आजपासून माझ्यासकट उघडी चार. माझं सगळ्यात वर, सड्याच्या काठाला. माझ्याखाली रामजी गुरुजी, निवृत्त शिक्षक, एकटे. त्यांच्याखाली महिपतकाका आणि काकी. तळाला, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठी, येसूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, पाठीत वाकलेली, जिभेने ताठ. मला बघून पहिलं काय म्हणाली, तर एवढी हडकुळी पोर पुण्यात खायला मिळत नाही म्हणून इथे आली काय.

मी इथे ८ डिसेंबरपर्यंत राहणार. काम म्हणजे आमचं ॲप, 'खुशाली'. म्हाताऱ्या माणसाने सकाळी एक मोठं बटण दाबायचं, की मुंबईच्या मुलाच्या फोनवर हिरवी खूण उमटते. नऊपर्यंत दाबलं नाही तर लाल खूण, मुलाला आणि आमच्या ऑफिसला. बस, एवढंच. आसपासची तीन गावं, चाळीस माणसं. चाचणीसाठी एक्केचाळिसावी मी स्वतः. पुण्यात नितेश रोज यादी बघणार आणि आठ तारखेला पैसे देणाऱ्या संस्थेच्या लोकांना घेऊन इथे येणार.

ते बटण माझं आहे. रंग माझा, आकार माझा, दाबल्यावर बोटाला जाणवणारी थरथर माझी. दोन वर्षं घासलंय त्याच्यावर. आज झोप छान लागणार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कसली झोप! साडेपाचला खालून, पऱ्याकडून कोणीतरी ओरडलं. 'कूऽऽ', तीनदा. मग जरा वरून पुरुषाचा आवाज, तीनदा. मग अगदी माझ्या खिडकीखालून. मग सगळं शांत. मी कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. पाच मिनिटांनी दारावर काठीचे दोन ठोके. रामजी गुरुजी, गळ्यात मफलर, चेहरा गंभीर. मी जिवंत आहे का ते बघायला आले होते.

याला कुकारा म्हणतात. पहाटे तळाचं घर पहिला कुकारा घालतं, तो ऐकून वरचं, मग त्याच्या वरचं. गुरुजींचा एक कान शाळेतल्या पोरांनी खाल्ला आहे, त्यामुळे त्यांना येसूबाईचा ऐकू येत नाही, फक्त महिपतकाकांचा येतो. म्हणून तर साखळी. ज्या घरातून ओ येत नाही, त्या घरी खालच्याने जाऊन बघायचं; तळाचाच कुकारा आला नाही तर वरच्याने खाली जायचं. गुरुजी म्हणाले की नियम एवढाच आहे. ओ आली तर काम संपलं, नाही आली तर उठायचं आणि बघून यायचं. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून चालू आहे म्हणे.

मला फार आवडलं. माझं ॲप यांनी शंभर वर्षांपूर्वीच केलंय, फक्त त्याला बॅटरी लागत नाही. नितेशला लिहून पाठवलं, तो म्हणाला की अहवालाच्या पहिल्या पानावर घालू.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

फोन वाटले. वाचता न येणाऱ्यांसाठी मी एक युक्ती केली आहे. सकाळी सहा वाजता फोन मुलाच्याच आवाजात विचारतो. येसूबाईचा मुलगा महेंद्र मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने पाठवलेला आवाज, "आये, बरी हायस ना?" तो ऐकून म्हातारी आधी फोनकडे, मग दाराकडे बघायला लागली. मग बटण दाबून म्हणाली, "हाय रे बाबा." तेवढ्यावर थांबली नाही. पुन्हा ऐकव म्हणाली. सात वेळा ऐकवला. सातही वेळा तिने उत्तर दिलं.

मग मात्र तिने मला पेचात टाकलं. म्हणाली, "बाय गो, मी हाय का नाय ते महिपतीला नको कळायला? तो पन्नास पावलांवर. ते मुंबयला कळून काय व्हनार?" मी तिला समजावलं की मुलाच्या जिवाला घोर राहत नाही. ती हसली. जाताना केळीच्या पानात गरम करांदे दिले. करांदे म्हणजे रानातला कंद, उकडून खातात, किंचित कडू लागतो. घरी येऊन सगळे संपवले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रेंजने घोटाळा केला. सड्यावर चार दांड्या, माझ्या खिडकीत एक, खाली शून्य. येसूबाईच्या मागच्या परसात म्हणे कधीतरी एक दांडी येते नि जाते. बटण दाबलेलं फोनमध्ये राहतं, खूण काही पोचत नाही, आणि नऊ वाजता मुंबईत लाल दिवे लागतात. महेंद्रने घाबरून दोनदा फोन केला.

मार्ग गुरुजींनी काढला. ते रोज साडेसहाला सड्यावर फेरी मारायला जातात. सगळ्यांचे फोन रोवळीत घालून ते वर नेणार. रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची टोपली. आज फिरून आले आणि सगळ्या खुणा हिरव्या. काय हुशार लोक आहेत! पुण्यात बसून मला हे सुचलं नसतं.

संध्याकाळी सगळ्यांना गुरुजींच्या पडवीत बसवून ॲपची उजळणी घेतली. बोलता बोलता मी म्हणाले की आता कुकाऱ्याची गरज नाही, फोन आहे, उगाच पहाटे घसा कशाला ताणायचा. महिपतकाका लगेच हो म्हणाले, त्यांना थंडीत उठायचं जिवावर येतं. येसूबाई उठून घराकडे चालू लागली.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे! रात्री दोनपर्यंत मी काम करते आणि साडेपाचला ओ द्यावी लागते. नऊ दिवस झोप नाही. घसा माझा दुखत होता.

रविवार, १६ नोव्हेंबर

कुकारा बंद. येसूबाईने तीन दिवस एकटीने घातला, कोणी ओ दिली नाही, मग तीही थांबली. आठ वाजेपर्यंत झोपते आहे.

आज यादी नीट बघितली. आमच्या वाडीच्या तिन्ही खुणा सहा चाळीस, सहा चाळीस, सहा एकेचाळीस. रोज. सगळ्या सड्यावरच्या एकाच जागेवरून. गुरुजींना विचारलं तर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. रोज सकाळी फोन गोळा करायला आणि परत द्यायला खाली-वर करणं गुडघ्यांना झेपेना, म्हणून रोवळी आता त्यांच्याकडेच असते. सकाळी वर जाऊन तेच सगळ्यांची बटणं दाबतात. माणसं बरी आहेतच की, ते म्हणाले, कालच महिपत भेटला होता.

म्हणजे बटण कोण दाबतंय याला काही अर्थच उरला नाही. हे आजच थांबवायला हवं, हे मला कळतं. पण गुरुवारी पंधरवड्याचा अहवाल जायचा आहे आणि आमचा आकडा आहे शंभरातले अठ्ठ्याण्णव. नितेश खूश आहे. रेंज वाढवायचं यंत्र पुढच्या आठवड्यात येतंय. ते आलं की फोन ज्याच्या त्याच्या घरी जातील आणि सगळं आपोआप सरळ होईल. आठवडाभराचा तर प्रश्न.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अहवाल गेला. सकाळी सातच्या सुमारास येसूबाईने परत कुकारा घातला. जित्याची खोड! जाग आली, फोन बघितला, तिची खूण हिरवी. पांघरूण ओढलं आणि झोपले. दिवसभर पलीकडच्या गावात काम, परत यायला संध्याकाळ झाली. महिपतकाका आणि काकी मुलीकडे दाभोळला गेलेत, त्यामुळे वाडी सुनी सुनी वाटते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आजही कुकारा. पण बारीक. म्हातारीचा घसा बसलेला दिसतो. खूण बघितली, हिरवी. दुपारी खाली जाऊन आल्याचा काढा देऊन यावा असं मनात आलं होतं, पण नितेशचा फोन लांबला आणि राहून गेलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

येसूबाई गेली.

महिपतकाका दाभोळहून आले आणि काकी तिला मासे द्यायला खाली गेल्या. घराच्या मागे, पऱ्याकाठच्या धुण्याच्या दगडाशी पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. गुरुवारी सकाळी पडली असावी, कारण बुधवारचं भिजवलेलं धुणं तसंच बादलीत होतं. डॉक्टर म्हणाले की जीव काल रात्री कधीतरी गेला.

काल रात्री. म्हणजे काल सकाळी ती होती. परवा सकाळीही होती.

सोमवार, २४ नोव्हेंबर

महेंद्र आला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल, हाताला ग्रीसचा वास. विधी झाल्यावर त्याने मला त्याचा फोन दाखवला. गुरुवार हिरवा, शुक्रवार हिरवा, शनिवारी सकाळीसुद्धा हिरवा. आधी तो एक दिवसाआड आईला फोन करायचा. खुणा यायला लागल्यापासून करत नव्हता. कळत होतं ना बरी आहे म्हणून, तो म्हणाला.

मग गुरुजी उठले. सगळ्यांसमोर, हात जोडून. म्हणाले की बटण मी दाबत होतो, माझी चूक, मला शिक्षा कर. महेंद्र त्यांच्याकडेच शिकला होता. तो त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. ऐंशी वर्षांचा माणूस हात जोडून तसाच उभा.

मी तिथेच होते. मला सोळा तारखेपासून माहीत होतं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

नंतर महेंद्रने मलाच विचारलं. तुमचं घर वर आहे, तुमचे कान चांगले, तिने हाक मारली असेल, काही ऐकू आलं का? मी म्हणाले, नाही.

तो म्हणाला, बरं झालं. म्हणजे लगेच शुद्ध गेली असेल. त्रास झाला नसेल.

बुधवार, २६ नोव्हेंबर

नितेशला अहवाल पाठवला. 'वापरकर्त्यांनी सूचना पाळल्या नाहीत.' हे वाक्य माझं आहे, बटणासारखंच. तो म्हणाला की वाईट झालं, पण ॲपचा दोष नाही, आठ तारखेचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल, आणि रेंजचं यंत्र लांबलंय, ते तेव्हा तोच घेऊन येईल.

गुरुजींनी रोवळी माझ्या दारात आणून ठेवली. मी येसूबाईचा फोन बंद केला, सिम काढलं, फोन खोक्यात घातला. यादीतून तिचं नाव काढलं. जेवले नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

साडेपाचला कुकारा.

तळातून. तीनदा. मी अंथरुणात उठून बसले. महिपतकाकांच्या घरातून काही आलं नाही, गुरुजींच्याही नाही. उजाडल्यावर खिडकीतून बघितलं. येसूबाईच्या दाराला महेंद्रने लावलेलं कुलूप तसंच होतं.

मग यादी उघडली. काढलेलं नाव परत होतं. येसूबाई, हिरवी, पाच बत्तीस. खोकं उघडलं, फोन बंदच होता आणि सिम माझ्या पाकिटात.

काहीतरी तांत्रिक असणार. नाव पुन्हा काढलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

काल परत तळातून. आज महिपतकाकांच्या अंगणातून. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "आता कोन घालनार गो?" आणि डोळे पुसले. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं, आणि त्यांचे कान चांगले आहेत.

नाव रोज काढते. रोज हिरवं होऊन परत येतं. पाच बत्तीस.

रविवार, ३० नोव्हेंबर

गुरुजींकडे गेले. आठवड्यात माणूस खंगलाय. सड्यावरची फेरी बंद, पडवीत बसून असतात. मी धीर करून विचारलं की गेलेल्या माणसाचा आवाज कोणाला ऐकू येतो का. ते रागावले नाहीत. म्हणाले, आम्ही भूतखेत मानत नाही, बाई. बापाने दीक्षा घेतली तेव्हा बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मी चाळीस वर्षं मुलांना तेच शिकवलं. मलाही रात्री झोप येत नाही, पण ते बाहेरचं नव्हे. ते आतलं. आतलं असेल तर एकच उपाय, ज्याला सांगायचं त्याला सांगून टाकावं. मी सांगितलं, तरी पुरतं हलकं झालं नाही. न सांगता काय झालं असतं कोण जाणे.

आणि मग माझ्याकडे बघून विचारलं की मला कोणाला काही सांगायचं आहे का. मी म्हणाले, नाही. दुसऱ्यांदा.

एखादा उतारा, एखादा देवऋषी सांगितला असता तर बरं झालं असतं. अशा गोष्टींना पैसे टाकून निभावता येतं.

मंगळवार, २ डिसेंबर

आज खिडकीखालून. गुरुजींच्या घराच्या आणि माझ्या मध्ये कुठेतरी. अगदी जवळ. तीन कुकारे, आणि मग ती वाट बघणारी शांतता. मला माहीत आहे ती शांतता. ती माझ्या ओ साठी असते.

मी ओ दिली नाही. तोंडात चादर कोंबून बसले.

पाच मिनिटांनी पायऱ्यांवर कोणीतरी सावकाश चढलं. एक पाय ओढत. दारावर टकटक नाही, काही नाही. उजाडल्यावर दार उघडलं. पायरीवर केळीचं पान, त्यात चार करांदे. गरम होते.

ती बघून गेली. मी आहे की नाही ते बघून गेली. नियमच आहे तो.

गुरुवार, ४ डिसेंबर

सांगायचं ठरवलं. सकाळी महेंद्रला फोन लावला. त्याने उचलला आणि माझ्या आधी तोच बोलला. ताई, आयेची खूण रोज येते अजून. पाच बत्तीसला. मशिनची चूक असेल, मला कळतंय, पण ती काढू नका. बघितलं की बरं वाटतं. तेवढी राहू द्या.

मी म्हणाले, राहू देते.

आणि फोन ठेवला. तिसऱ्यांदा.

मी का सांगत नाही? नोकरी जाईल म्हणून नाही, जाऊ दे नोकरी. त्रास झाला नसेल, असं तो म्हणाला होता. त्याला तेवढंच उरलंय. हे कारण चांगलं आहे. पण खरं नाही. खरं हे की मला त्याच्या डोळ्यांत बघून ते वाक्य म्हणता येत नाही, बस.

शुक्रवार, ५ डिसेंबर, सकाळी

सगळे मुंबईला निघाले. उद्या सहा डिसेंबर, दरवर्षी वाडी चैत्यभूमीला जाते. गुरुजी, काका, काकी, पांढरे कपडे, भाकऱ्यांची गाठोडी. गुरुजींनी मला चल म्हटलं. मी काम आहे म्हणाले. परत येतील रविवारी. वाडीत मी एकटी.

आज कुकारा नव्हता. म्हणून जास्त भीती वाटते आहे.

ठरवलं. रोज ती वर येते. आज मी खाली जाईन, दिवसाढवळ्या, तिच्या दाराशी, आणि तिला सांगेन. आधी तिला. मग रविवारी फोन करून महेंद्रला. ही वही झोळीत घेते, फोन घेते.

त्याच दिवशी, दुपारी

पडले.

मागे गेले होते, त्या दगडाशी. तिथेच सांगावं असं वाटलं. शेवाळ दिसलं नाही. कमरेखाली कट्कन आवाज झाला. उजवा पाय वळलाय, बघवत नाही. सरकत पडवीच्या मागच्या पायरीपर्यंत आले. पुढे सरकता येत नाही.

रेंज नाही. बॅटरी अकरा टक्के. ओरडले. कोणाला ऐकू जाणार!

पण घाबरायचं नाही. मी एक्केचाळिसावी आहे. उद्या सकाळी मी बटण दाबणार नाही, नऊ वाजता नितेशकडे लाल खूण जाईल, तो रत्नागिरीला फोन करेल. दुपारपर्यंत माणसं येतील. माझंच ॲप. चालतं ते. मीच केलंय.

शनिवार, ६ डिसेंबर

उजाडलं. थंडीने बोटं वळत नाहीत. पाणी पऱ्यात, दहा हातांवर. ऐकू येतं, मिळत नाही.

तिनेही ऐकलं असेल. दोन दिवस.

नऊची वाट बघते—

नऊ वाजून गेले. मध्येच एक दांडी आली. एकच संदेश आत आला. नितेशचा. 'आज पाच बत्तीसलाच हिरवी? लवकर उठायला लागलीस की! सोमवारी भेटू.'

मी दाबलं नाही. मी फोनला हातही—

फोन लावला. दांडी गेली. दोन टक्के.

कोणी येणार नाही. सगळीकडे मी हिरवी आहे.

—

कुकारा.

वरून. माझ्या घरातून. तीनदा.

आता गुरुजींच्या घरातून. गुरुजींच्या दाराला कुलूप आहे.

खाली येतोय. साखळी उलटी. तळाचं घर आता मी.

महिपतकाकांचं अंगण. तीनदा. आता शांत. माझी वाट बघतायत.

ओ द्यायचा प्रयत्न केला. आवाज निघाला, पण बारीक. घसा बसल्यासारखा. वर कोणी झोपलं असतं तर तिला वाटलं असतं, जित्याची खोड—

फोन बंद पडला. तरी त्यातून महेंद्रचा आवाज. आये, बरी हायस ना. आये, बरी हायस ना.

महेंद्र, ही वही तुला मिळाली तर. तुझी आई हाका मारत होती. गुरुवारी आणि शुक्रवारी, दोन्ही सकाळी. मी ऐकलं. जागी होते. गुरुजींचा दोष नाही, मला आधीपासून माहीत होतं, कुकारा मीच बंद केला, माझ्या झोपेसाठी. तिला शुद्ध होती. तिला त्रास झाला. मी उठले नाही. उठून एकशे बारा पायऱ्या—

पाखाडीवर पावलं. एक पाय ओढत.

ओ आली नाही की बघायला जायचं. मी गेले नव्हते. ती येते आहे. चाळीस पायऱ्या राहिल्या असतील. वीस.

करांद्यांचा वास. गरम.

पडवीच्या कोपऱ्यावरून वाकून बघते आहे. पाठीत वाकलेली. रागावलेली नाही. रागावली असती तर— विचारते आहे, बाय गो, बरी हायस ना, आणि मी काय सांगू तिला, माझी खूण तर हिर—